पुसायचं किती?

शटर अर्धंच वर होतं. वाकून आत शिरले तोच आतून आवाज आला, "डावीकडून ये गं. उजवीकडे खड्डा आहे."

खड्डा म्हणजे खरंच खड्डा. माझी मैत्रीण गेली तीन वर्षं जिथे काम करते ती जागा त्याआधी मोटारींचं गॅरेज होती. वर गाडी उभी करायची आणि आपण खाली उतरून तिचं पोट उघडायचं, त्यासाठी जमिनीत खणलेला हा लांबट, छातीएवढा खोल चर. त्यावर तिने जाड फळ्या टाकल्या आहेत, पण एका टोकाची फळी कायम काढलेली. "बुजवून का नाही टाकलास?" मी पहिल्याच मिनिटाला विचारलं. उत्तर आलं नाही. हात शाईने भरलेले असताना ती कुणालाच उत्तरं देत नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

"आलीस कशाला पण? काही काम होतं?"

"प्रेरणा घ्यायला आलेय," मी म्हटलं. गंमत करत होते, पण अगदीच गंमत नव्हती. वर्षभर माझ्याकडून धड काही लिहून झालेलं नव्हतं. टेबल बदललं, खोली बदलली, वही बदलली. तिच्या स्टुडिओचे फोटो बघून मनात पक्कं बसलं होतं की अशी जागा असती ना, तर आपलंही झालं असतं.

"खड्ड्यात बघ. तिकडे पडली असेल."

ती छापचित्रं करते. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, त्यात सुईने रेघा ओढायच्या, उघड्या पडलेल्या तांब्याला रसायनात खोल होऊ द्यायचं, मग त्या खोलात शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसखालून काढायचा. एचिंग. मराठीत याला आम्लरेखन असा शब्द आहे, पण तिच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. ती फक्त "प्लेट करतेय" म्हणते. आणि ज्याला सगळे ॲसिड म्हणतात ते तिच्या टाकीत मुळात ॲसिड नाहीच, फेरिक क्लोराइड आहे, म्हणजे क्षार. काळपट नारिंगी, डागाळणारं. त्याला वाफा फारशा नाहीत, बुडबुडे नाहीत, आवाज नाही. प्लेट टाकीत उभी सोडलेली असते, कारण आडवी ठेवली तर तयार होणारा गाळ रेघांतच बसतो आणि खोदणं थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही. मी पाच मिनिटं टाकीसमोर उभी राहून कंटाळले.

मग भिंती बघत फिरले.

एका भिंतीवर प्लायवूडचा मोठा बोर्ड आहे. गॅरेजवाल्यांनी त्यावर प्रत्येक पान्याच्या आकाराची पांढरी बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे कुठलं हत्यार जागेवर नाही ते संध्याकाळी एका नजरेत कळावं. हत्यारं गेली, आकृत्या राहिल्या. आता त्याच खिळ्यांवर तिची हत्यारं टांगलेली आहेत: सुया, तिधारी स्क्रेपर, गुळगुळीत चमच्यासारखं बर्निशर. एकही आपल्या आकृतीत बसत नाही. भल्यामोठ्या रिंगपान्याच्या पोटात एक बारकीशी सुई लटकते, हातोड्याच्या जागी मऊ ब्रश. शेजारी भिंतीवर पेन्सिलने केलेली बेरीज आहे, पाच-सहा आकडे, खाली दोन रेघा, उत्तर नाही. चुना देताना तिने तेवढा तुकडा सोडला.

हल्ली जुन्या जागांना नवं रूप देण्याची लाट आली आहे आणि मला तिचा थोडा राग आहे. विटा उघड्या ठेवायच्या, गंजलेला पाइप तसाच राखायचा, त्यावर पिवळा दिवा सोडायचा, आणि ज्यांनी तिथे घाम गाळला त्यांचा मागमूस पुसून टाकायचा. गंज ठेवला, माणूस पुसला. हा बोर्ड बघताना तो राग थोडा निवळला. तिने काही जपलेलं नाहीये, तिला खिळे आयते मिळाले म्हणून ती ते वापरते, एवढाच प्रकार. पण वापरते, हे मला जास्त प्रामाणिक वाटलं.

हात धुऊन झाल्यावर ती आपणहून बोलायला लागली, आणि बोलली ती कलेबद्दल नाही, ऑइलबद्दल. जागा ताब्यात आली तेव्हा जमीन काळी होती. वर्षानुवर्षांचं इंजिन ऑइल सिमेंटमध्ये मुरलेलं. तिने लाकडाचा भुसा पसरला, तेल पिऊ दिला, झाडून काढला, पुन्हा पसरला. मग सोडा. मग तारेचा ब्रश. गुडघे टेकून. सहा महिने चित्र असं काही केलंच नाही.

"एवढं?"

"अगं, ग्रीस लागली की प्लेट मेली."

हे मला माहीत नव्हतं. मेण, डांबर आणि राळ यांचा तो थर तांब्याला घट्ट चिकटायला हवा. तांब्यावर तेलाचा अंश जरी राहिला तरी तिथे तो धरत नाही, टाकीत गेल्यावर सुटतो, आणि जिथे तुम्ही काही काढलेलंच नाही तिथेही रसायन खायला लागतं. खातं हा शब्द मी अलंकारिक म्हणून वापरत नाहीये. एचिंग या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर डचमधून जर्मनमध्ये पोचतो आणि तिथे तो खाण्याशी, भरवण्याशी जाऊन भिडतो. तांब्याला भरवलेलं रसायन.

आणि कामाचं मूळ कुठे? चित्रशाळेत नाही. युरोपात चिलखतं आणि हत्यारं बनवणारे कारागीर लोखंडावर नक्षी उठवायला ही युक्ती वापरायचे. 1500 च्या आसपास ऑग्सबर्गच्या डॅनिएल हॉप्फरने त्याच पद्धतीने लोखंडी पत्रे खोदले आणि त्यावरून कागदावर छापून काढले. म्हणजे पहिला एचर हा शस्त्रांच्या कारखान्यातून आला. हे ऐकल्यावर मला ते गॅरेज आणि तो प्रेस एकाच घरातले वाटायला लागले.

प्रेसची गोष्ट तर निराळीच. दोन लोखंडी रूळ, मधून सरकणारा जाड पाट, आणि फिरवायला आरे असलेलं चाक. वजन चारशे किलोंच्या आसपास. आणला कसा, उतरवला कसा, याची काळजी लागली होती, पण छताच्या तुळईला गॅरेजवाल्यांची चेनपुली तशीच होती. इंजिन उचलायची. त्या पुलीनेच प्रेस उचलला आणि जागेवर ठेवला. पुढे महिनाभराने जुना मेकॅनिक काहीतरी राहिलेलं न्यायला आला. दारातच थांबला. भिंती, दोऱ्यांवर वाळणारे कागद, टाकी, कशाकडेही त्याने पाहिलं नाही. सरळ प्रेसपाशी गेला, चाक अर्धं फिरवलं, कान लावला आणि म्हणाला, "ताई, ह्याला तेल कमी पडतंय."

बरोबर होतं त्याचं. अख्ख्या जागेतून तेल हद्दपार करताना तिने प्रेसलाही उपाशी ठेवलं होतं. त्याने गिअर उघडले, ग्रीस भरलं, एका बाजूचा स्क्रू अर्धा फेरा कसला. त्यानंतर तिच्या छापांत डावीकडे येणारी फिकट पट्टी यायची थांबली. ती पट्टी म्हणजे आपल्या पुसण्याचा दोष असं समजून ती दोन महिने स्वतःला कोसत होती.

"त्याला एक छाप दिला मी," ती म्हणाली. "त्याने आधी उलटा करून मागची बाजू बघितली. दाब सारखा आलाय का ते बघायला. मागची बाजू बघणारा आतापर्यंत तो एकटाच."

दुपारभर मी बघत होते. एक नवी प्लेट ती तयार करत होती आणि एक जुनी छापत होती, दोन्ही आलटून पालटून. नव्या प्लेटवर खडूची पूड आणि थोडा अमोनिया टाकून चोळलं, पाण्याखाली धरलं. पाणी एकसंध पसरलं तर तांबं स्वच्छ. कुठे फाटून थेंब झाले तर तिथे तेलकटपणा आहे, पुन्हा चोळा. तिने तीनदा चोळलं. तिसऱ्यांदा पाणी काचेसारखं उभं राहिलं. मग प्लेट वाळवून तिने मंद गरम केलेल्या लोखंडी तव्यावर ठेवली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी कागदांचा गठ्ठा घेऊन आलं आणि ती शटरकडे गेली. जाताना म्हणाली, "बोट नको लावूस हां."

मी लावलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं लखलखीत, गुलाबीसर, रिकामं काही मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. डाव्या वरच्या कोपऱ्यात अंगठा टेकवला, चटका नाही पण ऊब लागली, आणि मी हात मागे घेतला. ती परत आली, तिने रोलरने मेणाचा थर ओढला, पातळ, मधाच्या रंगाचा. मग प्लेट उलटी धरून खालून मेणबत्त्यांची काजळी दिली, म्हणजे थर काळा होतो आणि सुईची रेघ तांबूस चमकून दिसते. अंगठा कुठेही दिसला नाही. मी काही बोलले नाही.

शटर पश्चिमेकडे उघडतं. चित्रकारांना उत्तरेचा उजेड हवा असतो, निदान उत्तर गोलार्धात, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि दिवसभर सावल्या फारशा हलत नाहीत. इथे दुपार कलली की ऊन थेट टेबलावर. धातूवर ते असं परावर्तित होतं की रेघ दिसेनाशी होते. तिने एका लाकडी चौकटीवर ट्रेसिंग पेपर ताणून बसवला आहे आणि तो ती उजेड आणि प्लेट यांच्यामध्ये उभा करते. एचिंग करणारे पूर्वापार असंच करत आलेत. त्या कागदातून गाळून आलेला उजेड दुधासारखा होता. फोटोंत मला हा उजेड दिसला होता आणि मला वाटलं होतं, काय नशीबवान जागा! नशीब कसलं, अडचणीवर लावलेला कागद होता तो.

मग तिने मला कामाला लावलं.

जुनी प्लेट, शाईने माखलेली, आणि हातात टार्लटनचा बोळा. टार्लटन म्हणजे खळ दिलेलं जाळीदार कापड, मच्छरदाणीपेक्षा जाड. त्याने गोल गोल पुसत जायचं. वरची शाई निघाली पाहिजे, रेघेतली राहिली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. मी मन लावून पुसलं. आपल्याला पुसणं म्हणजे स्वच्छ करणं एवढंच शिकवलेलं असतं, तेव्हा मी पत्रा चकाचक केला आणि अभिमानाने तिच्याकडे पाहिलं.

"रेघेतली पण काढलीस," ती म्हणाली. "असू दे. छापू या, तू बघच."

आता तो खड्डा कळला. ती फळीच्या फटीतून खाली उतरली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागदांचा थर घेऊन वर आली. छापायचा कागद आदल्या दिवशी भिजवून, एकमेकांवर रचून, गुंडाळून ठेवावा लागतो. ओल सगळीकडे सारखी मुरली की तो मऊ पडतो आणि दाबाखाली रेघेच्या तळाशी जाऊन शाई उचलतो. वर पत्र्याच्या छपराखाली कडा वाळून जायच्या. खड्ड्यात दिवसभर गारवा असतो. बुजवायला माणसंसुद्धा बोलावून झाली होती, तेवढ्यात एकदा सहज खाली उतरली आणि हे तिच्या लक्षात आलं.

कागद, वर लोकरी फेल्टचे तीन थर, आणि चाक. ते फिरवताना सबंध अंगाने फिरवावं लागतं. पाट पलीकडे गेला, तिने फेल्ट उचलले, कागद एका कोपऱ्याने सोलला. माझा छाप आजारी माणसासारखा फिका होता. झाड होतं म्हणायचं, घर होतं म्हणायचं. मग तीच प्लेट तिने पुन्हा शाई भरून पुसली. मी आता हाताकडे बघत होते. पहिल्यांदा ती जोरात पुसते, मग बोळ्याची स्वच्छ बाजू, मग हलकं, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून नुसता हात फिरवते, तोही झटकल्यासारखा. आकाशाच्या भागात शाईचा एक अगदी पुसट पडदा तिने तसाच सोडला. तो छाप आला तेव्हा संध्याकाळ झालेली होती. माझ्या छापात वेळच नव्हती.

"कळतं कसं, थांबायचं कुठे?"

"जाळी आधी जड चालते, चिकट. मग घसरायला लागते. आवाज बदलतो. घसरायला लागली की दोन हात आणि बास."

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्राँ हेच करायचा, असं तिने सांगितलं. एकाच प्लेटचे त्याचे दोन छाप शेजारी ठेवले तर एकात दिवस असतो, दुसऱ्यात अंधारून आलेलं, कारण प्रत्येक वेळी त्याने वेगळं पुसलेलं. आणि मग तिने मला एक चित्र दाखवलं, पुस्तकातलं, जे मी तेव्हापासून डोक्यातून काढू शकलेले नाही. हर्क्युलिस सेगर्स नावाचा डच चित्रकार होता. त्याने बायबलच्या गोष्टीतल्या टोबियास आणि देवदूत यांची एक प्लेट केली होती, मोठ्ठे पंख असलेला देवदूत. पुढे ती प्लेट रेम्ब्राँच्या हाती आली. 1653 च्या सुमारास त्याने दोन्ही आकृत्या घासून काढल्या आणि तिथे इजिप्तला पळून जाणारं मेरी-जोसेफचं कुटुंब खोदलं. निसर्ग सेगर्सचाच ठेवला. देवदूताच्या जागी झाडी केली. पण त्या झाडीत नीट पाहिलं तर पंखाच्या रेघा अजून आहेत.

"त्याला येत नव्हतं का पूर्ण घासायला?"

"न यायला काय झालं? बर्निशर घेऊन बसलं की सगळं निघतं. वेळ लागतो, एवढंच." मग जरा थांबून, "कंटाळला असेल. किंवा आवडला असेल पंख."

मला यातलं कंटाळला असेल हे उत्तर जास्त आवडलं.

परतीच्या वाटेवर मी दोन स्टुडिओंचा विचार करत होते, दोन्ही आधी दुसरं काही असलेले. लंडनमधली चित्रकार फ्रान्सिस बेकनची जागा पूर्वीच्या घोडागाड्यांच्या तबेल्यांच्या गल्लीत होती. 1961 पासून 1992 मध्ये मरेपर्यंत तो तिथे रंगवत होता आणि त्याने काही म्हणता काही पुसलं नाही. तो गेल्यावर अख्खी खोली उचलून डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीत नेली, सात हजारांवर वस्तू एकेक नोंदवून, धुळीसकट. 2001 मध्ये ती लोकांना बघायला खुली झाली, काचेतून. दुसरा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरचं एक जुनं कोठार. जमिनीवर कॅनव्हास अंथरून तो रंग ओतायचा, तेव्हा कडेने सांडलेलं सगळं फळ्यांवर साचत गेलं. 1953 मध्ये त्याने कोठार दुरुस्त करून घेतलं आणि त्या जमिनीवर नवे बोर्ड ठोकून टाकले. 1956 मध्ये तो गेला. मग त्याची बायको, ली क्रॅसनर, त्याच कोठारात काम करायला लागली. ती भिंतीला कॅनव्हास लावून रंगवायची, म्हणून तिचे डाग भिंतींवर. 1984 मध्ये तीही गेली आणि जागेचं संग्रहालय करताना बोर्ड उचलले, तर खाली त्याच्या गाजलेल्या चित्रांच्या कडा रंगांसकट जशाच्या तशा. आता लोक मऊ सपाता घालून त्यावरून चालतात. मला मात्र त्या जमिनीपेक्षा भिंतींचं कुतूहल वाटतं. आपल्या पायाखाली काय झाकलंय हे माहीत असलेली बाई इतकी वर्षं तिथे उभी राहून स्वतःचं काम करत होती, तिला कसं वाटत असेल?

घरी येऊन मी टेबलाशी बसले. टेबल तेच, कोपऱ्यात असलेलं, खिडकीवर ऊन येणारं. खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला. लिहून काही झालं नाही, पण मागच्या वर्षी फेकायला काढलेली वही मी उघडली आणि खोडलेल्या ओळी वाचत बसले. काही बऱ्या होत्या. पुसताना मी रेघेतलीही काढली होती.

आठ दिवसांनी तिचा फोटो आला. नव्या प्लेटचा पहिला प्रूफ. डोंगरउतार, खाली वाट, वर मोकळं आभाळ. आणि आभाळाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपक्यांच्या एकात एक कमानी. मी अंगठा डावीकडे टेकवला होता. छापात सगळं उलटं येतं, तसा तोही उजवीकडे आला. तीनदा चोळलेल्या तांब्यावर आणि सहा महिने घासलेल्या जमिनीवर मात करून माझ्या बोटाचं तेल तिथे पोचलं होतं, थर सुटला होता आणि टाकीतल्या द्रावणाने इमानेइतबारे माझी सही खोदली होती.

काय लिहावं ते मला सुचेना. 'सॉरी' लिहिलं, खोडलं. सेगर्सच्या पंखाबद्दल काहीतरी शहाणपणाचं लिहिलं, तेही खोडलं. तेवढ्यात तिचाच पुढचा मेसेज आला.

"आभाळात तुझा अंगठा आलाय. बर्निश करायला दीड-दोन तास जातील. मी नाही करणार. रविवारी येऊन तूच कर. येताना जुने कपडे घाल, आणि हात धुऊन ये, साबणाने."

रविवारी नऊला निघतेय.